काल मराठीत कुणाशी बोललात?

बायको सुजाता संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे आमच्या घरी भांडणातही "एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नकोस" असं ऐकावं लागतं. तंजावूरच्या मराठी कुटुंबांत पिढ्यांगणिक भाषा कशी आटली, हे मोजायला सुजाता निघाली. मी पिशव्या उचलायला. विमानाने त्रिची, तिथून बसने दीडेक तास. तिकीट स्वस्त, हॉर्न फुकट. एप्रिलात जाऊ नका. आम्ही गेलो.

पहिल्या दिवशी राजवाड्यामागच्या गल्ल्यांत घरोघरी एकच उत्तर: "अम्ही घरांत मराठीच." मी खूश होऊन केळीच्या पानावर दोनदा रस्सम मागून घेतलं. सुजाता मात्र जेवली नाही धड.

"पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना कोण नाही म्हणेल? हे उत्तर नव्हे, पाहुणचार आहे."

दुसऱ्या दिवशी त्याच घरांत तिने प्रश्न बदलला: काल मराठीत कुणाशी बोललात?

निवृत्त बँक अधिकारी गोविंदरावांनी आदल्या दिवशी घरातली सगळी माणसं मराठीत बसवली होती. आता ते कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतत राहिले.

"देवाशी."

"आणखी?"

"देव पुरे नाही की, बाई?" हसले. मग आवाज उतरला. "माझे थोरले भाऊ शेवटीं तमिळ विसरले. मराठींत पाणी मागायचे. मी नसलों की कोणाला कळायचें नाही. सून डॉक्टरला फोन करायची. तहानेसाठीं! आतां घरांत बोलणारा मीच उरलों. मला तसें झालें तर?"

सुजाताच्या टॅबलेटवर आलेखाची घसरत जाणारी रेघ होती आणि तिचं खालचं टोक समोर बसून कॉफी गार करत होतं.

त्यांची तमिळ सून कविता दारात उभी होती. "मामा काय म्हणाले?" सासऱ्यांबद्दल तिने इंग्रजीत विचारलं. सुजाताने सांगितलं. कविताचा चेहरा उतरला. तिने रेकॉर्डिंग लावून फोन पुढे केला. "रोज लागणारे शब्द सांगा. हळू." पाणी, भूक, दुखते. घोकत घोकत ती आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आली.

पुण्यात परतलो. सुजाताचे आलेख झाले. महिन्याभराने कविताचा निरोप आला: मामांना ताप आहे, हे ऐका. रेकॉर्डिंगमध्ये गोविंदराव भरभर बोलत होते. आम्ही दोघं जन्माचे मराठी, कान लावून पुन्हा पुन्हा ऐकत राहिलो; निम्मं कळेना. मधेच कविता: "पाणी? भूक? दुखते का, मामा?"

मग ते थांबले. त्यांचं पुढचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं.

"भय वाटते."

हा शब्द तिला आम्ही शिकवलाच नव्हता. सुजाताने कविताला फोन लावला.