पेन्सिलीतला पक्षी

होडीत चढताना मी पहिला पाय ठेवला तो नेमका मुशीच्या तेलाच्या डब्यावर. दिवाळे कोळीवाड्याचा धक्का, नुकतं उजाडलेलं, दोन माणसांनी हात धरलेला, तरीही. मुशी म्हणजे छोटा शार्क. तिचं तेल होडीच्या लाकडाला चोपडतात. त्यातलं निम्मं माझ्या पँटला चोपडलं गेलं आणि उरलेलं होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात गेलं. वासाचं वर्णन करत नाही, तुमची जेवणाची वेळ असेल.

“काय साहेब,” तांडेल म्हणाला, “होरीला लावाचा व्हता, तुमी सोतालाच लावलाव!” होडी त्याची, तेव्हा पहिलं हसायचा मानही त्याचाच.

ही पंच्याऐंशीच्या आगेमागे घडलेली गोष्ट. वाशीच्या नव्या सेक्टरांतले आम्ही तीन नोकरदार आणि एक निवृत्त हेडमास्तर, असे चौघं रविवारी दुर्बिणी गळ्यात अडकवून पक्षी बघत हिंडायचो. पक्ष्यांची यादी सरांच्या वहीत, आणि वहीचा नियम कडक. दोघांनी पाहिलेला पक्षी शाईनं. एकट्यानं पाहिलेला पेन्सिलीनं. वर्षभरात दुसरा साक्षीदार मिळाला नाही, तर खोडरबर.

आदल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर आम्ही असेच समुद्रात गेलो होतो. बाकी तिघं पोह्यांच्या डब्यावर वाकले असताना मला एक काळा पक्षी चक्क पाण्यावर चालताना दिसला. मी ओरडेपर्यंत तो गेला. सरांनी पेन्सिल काढली. घरी सांगितलं, तर बायकोनं ते अख्ख्या सोसायटीत पोचवलं. “आमच्या ह्यांना पाण्यावर चालणारे पक्षी दिसतात.” तेव्हापासून खालच्या मजल्यावरचे गृहस्थ मला जिन्यात गाठून रोज विचारत, “आज काय चाललं पाण्यावर?” वर्ष आता भरत आलं होतं. या सफरीत तो पक्षी दिसला नाही, तर मी आयुष्यभर थापाड्या ठरणार होतो.

न्हावा-शेव्याकडे नव्या बंदराचं काम चाललं होतं, ते मागे पडलं. गढूळ पाणी हिरवं झालं, मग निळं. कुरव दिसले, सुरय दिसले, सगळे शाईत. माझा पहिला “तो बघा, तो बघा!” रबरी चप्पल निघाला. डाव्या पायाची होती. दुसऱ्या वेळी कोणी मान वळवली नाही.

तोवर सरांना होडी लागली. चेहरा कच्च्या पपईसारखा हिरवा.

“तुम्ही जरा लांब बसा हो,” ते कळवळून म्हणाले. “समुद्र मी सोसला असता. तुमची पँट सोसत नाही.”

मी टोकाला जाऊन बसलो. थोड्या वेळानं सर पुटपुटले, “फिरवू या होडी. आणि तुमच्या त्या नोंदीचं... वाईट वाटून घेऊ नका.” त्यांच्या खिशातून खोडरबर डोकावत होतं. माझ्याच तेलानं माझा साक्षीदार आडवा केला होता.

“सर, अर्धा तास!”

“पाव.”

तांडेलानं इंजिन बंद केलं, पत्र्याचा डबा घेतला आणि तळातलं पाणी उपसून बाहेर फेकायला लागला. त्या पाण्याबरोबर मी सांडलेलं तेलही गेलं. होडीमागे समुद्रावर एक गुळगुळीत, चकचकीत पट्टा लांबत गेला. मी बघत होतो पुढे. सर उलटीसाठी मागच्या बाजूला वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

“अहो,” ते एकदम शाळेतल्या आवाजात ओरडले, “हा चालतोय!”

चिमणीहून थोडा मोठा. काळा, शेपटीच्या वर पांढरा पट्टा. पंख उभारून, काडीसारखे पाय खाली सोडून, सरांच्या नाकाखाली पाण्यावर टुकटुक चालत होता. मग दुसरा आला. मग पाच. मग आम्ही मोजणं सोडलं. होडीभोवती सगळा समुद्र पायी चालत होता!

“वास लागला त्यांना,” तांडेल शांतपणे म्हणाला. “मुशीचा तेल हाय ना. लांबशी येतान ती.”

“आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी कुटं इचारलाव?”

सरांनी वही उघडली, पेन्सिलीची ओळ शाईनं गिरवली आणि खाली चौघांच्या सह्या घेतल्या. तांडेलाचीही घेतली. मग ते पुन्हा वाकले, पण त्यांची उलटीसुद्धा मला त्या दिवशी आनंदाची वाटली.

सोसायटीत शिरलो तो विजयी वीरासारखा. खालच्या मजल्यावरच्यांची बेल मुद्दाम वाजवली. त्यांनी दार उघडलं, वास आला, लावून घेतलं. वर आमच्या दारात उभ्या उभ्याच मी बायकोला सगळं सांगितलं. डबा, उपसलेलं पाणी, तेलामागे आलेले पक्षी, शाई, सह्या. नाकाला पदर लावून तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही त्यांना शोधलं नाहीत. त्यांनी तुम्हाला हुंगून काढलं. उद्या सांगते सगळ्यांना, चालतात म्हणून. आता पँट जिन्यातच काढा, मी टॉवेल आणते.”