माझ्या बायकोला एकवीस मतं

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मी मध्ये थांबणार नाही. माणूस किती मोठा गाढव होऊ शकतो हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी स्वतः होऊन बघितलंय. तेही रेडिओवर, लाइव्ह!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी प्रमोद, मूळचा नागपूरचा, मिनेसोटात ईडन प्रेरीला एका कंपनीत इंजिनिअर. वीकेंडला करायचं काय? आमचे देशी दोस्त एकमेकांच्या घरी जमून ग्रीन कार्ड आणि मिनीव्हॅनचं मायलेज या दोनच विषयांवर बोलायचे. त्या गप्पांचा मला वीट आला होता. अशात लायब्ररीच्या बोर्डावर एक चिठ्ठी दिसली. सोमाली रेडिओ स्टेशनला टेक्निकल माणूस हवा, पगार मिळणार नाही. मी म्हटलं, चला, आपल्याशिवाय बिचाऱ्यांचं कसं होणार!

बघा, शहाणपणाची सुरुवातच अशी.

स्टेशन म्हणजे मिनिॲपोलिसमध्ये एका किराणा दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. युद्धातून जीव वाचवून आलेल्या लोकांनी देणग्या गोळा करून ते उभं केलं होतं. साध्या रेडिओवर ते लागायचंही नाही, त्याला एक वेगळा डबा लागायचा, आणि तो डबा यांनी घरोघरी पोचवला होता. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. माइकची मान मोडलेली, तिला पट्टी गुंडाळलेली. आणि मी? मी गळ्यात हेडफोन अडकवून अशा थाटात फिरायचो की जणू मीच रेडिओचा शोध लावलाय!

स्टेशनचे प्रमुख अब्दी काका. आठवडाभर टॅक्सी चालवायचे आणि उरलेल्या वेळात स्टेशन. शांत माणूस, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. सोमालीत 'प' नाही, म्हणून तिथे सगळ्यांसाठी मी झालो 'ब्रमोद'. त्यांच्या भाषेतला एक शब्द मी पहिल्याच दिवशी उचलला. 'हा' म्हणजे हो. मी म्हटलं, अरे, हे तर आपलंच! एवढी सोपी भाषा, आणखी काय शिकायचंय? नाही शिकलो. सहा महिने त्या एका शब्दावर काढले.

माझी बायको मात्र वेगळी. एच-फोर व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून घरी बसून ती कंटाळली होती. ती हावो मावशींना गाडीतून क्लिनिकला, इंग्रजीच्या क्लासला घेऊन जायची आणि वाटेत त्यांच्याकडून सोमाली शिकायची. माझ्या बायकोचं नाव माया. हे नाव लक्षात ठेवा, कारण माझा सत्यानाश याच नावाने झाला.

आता हावो मावशी कोण? साठीच्या बाई, आवाज खणखणीत. दर शनिवारी दुपारी एक तास त्या वहीतून नावं वाचायच्या. युद्धात ताटातूट झालेल्या माणसांची नावं. कोण, कुणाचा मुलगा, कुठल्या गावचा, शेवटचा कुठे दिसला. त्या तासाच्या कॅसेट निघायच्या आणि टोरांटो, सॅन डिएगो, जिथे जिथे त्यांची माणसं होती तिथे पोस्टाने जायच्या. एका बाईला तिची बहीण अशीच सापडली होती. आणि दर आठवड्याला यादीत पहिलं नाव एकच असायचं, मावशींच्या धाकट्या भावाचं.

मला हे सगळं माहीत होतं. तरी मला काय दिसलं? दोन नावांच्या मध्ये पाच-पाच सेकंद शांतता! आवाजाच्या मीटरचा काटा पडलेला! शिवाय दर वेळी तेच नाव पहिलं, म्हणजे रिपीट! मी अब्दी काकांना म्हणालो, "काका, ही काय पद्धत आहे? हा तास कॅन्सल करू या. त्याऐवजी मी 'अमेरिकेत कसं राहावं' यावर बोलतो. सीट बेल्ट, क्रेडिट हिस्टरी, बर्फात गाडी कशी चालवायची."

दुष्काळ, युद्ध आणि निर्वासितांची छावणी पार करून आलेल्या लोकांना हा नागपूरचा माणूस कसं राहावं ते शिकवणार! मला तेव्हा यात काहीच चुकीचं वाटलं नाही.

काकांनी टॅक्सीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "स्टेशन लोकांचं आहे. लोकांना विचारू."

त्यांनी सोमालीत प्रश्न रेकॉर्ड करून दिला. नावांचा कार्यक्रम बंद करून ब्रमोदचा सुरू करायचा का? आणि एअरपोर्टचं भाडं होतं म्हणून ते निघून गेले. मी कॅसेट लावली, फोनची लाइन थेट रेडिओवर जोडली आणि पेन्सिल घेऊन बसलो.

पहिला फोन. एक म्हातारबुवा. "मया!"

मी चमकलो. माझ्या बायकोचं नाव यांना कसं ठाऊक?

दुसरा फोन. एक बाई. "मया, मया, मया!"

तिसरा, चौथा, दहावा! 'मा' जरा आखूड निघत होता, पण म्हटलं परक्या लोकांची जीभ, चालायचंच. एकवीस फोन आले आणि एकवीस जणांनी माझ्या बायकोचं नाव घेतलं. एकाच्याही तोंडून 'हा' निघालं नाही! तिथे तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती की नाही? छे! मी काय निष्कर्ष काढला असेल? या लोकांना मावशी नकोत, मीही नको. यांना माया हवी!

शेजारी हावो मावशी चहा पीत बसल्या होत्या. प्रत्येक फोनला मान डोलवून हसत होत्या. मी मनात म्हटलं, स्वतःचा कार्यक्रम बंद पडतोय आणि या हसतायत! मोठ्या मनाची बाई.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "काय म्हणाले लोक?"

"एकमताने!" मी जरा तोंड वाकडं करूनच म्हणालो. "सगळ्यांचं एकच म्हणणं."

"छान," काका म्हणाले. "मग लोक म्हणतात तसं कर."

झालं! दोघांनाही वाटलं, आपल्याला एकमेकांचं कळलं.

घरी मी मायाला काही सांगितलं नाही. सांगणार कसं? मी सहा महिने तिथे वायरी जोडत बसलो, आणि ही चार वेळा वर येऊन चहा पिऊन गेली, तर एकवीस मतं हिला! जळफळाट हो, दुसरं काय. फक्त म्हणालो, "शनिवारी स्टेशनला ये, काम आहे."

शनिवार उजाडला. मावशी वही घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांना मोठ्या अदबीने उठवलं, वही मिटून कपाटावर ठेवली आणि त्या खुर्चीत मायाला बसवलं. तिला काही कळायच्या आत माइक ऑन केला आणि इंग्रजीत जाहीर केलं, "तुमच्या इच्छेनुसार नावांचा कार्यक्रम आजपासून बंद! आणि तुमची लाडकी माया आता दर शनिवारी तुमच्या भेटीला!"

फोन पेटला. "मया! मया! मया!" एकजण तर इतक्या जोरात ओरडला की मीटरचा काटा लालमध्ये गेला. मी मायाकडे वळून म्हणालो, "बघ यार, काय पब्लिक पागल झालंय तुझ्यासाठी!"

मायाचा चेहरा पांढरा पडला. "अहो, काय केलंत हे?"

"मी नाही, लोकांनी केलं. मागच्या आठवड्यात एकवीस फोन होते."

"अहो, मया म्हणजे 'नाही'!"

"काय नाही?"

"मया म्हणजे नाही! नको! नो! पहिल्या दिवशी मावशींनी मला नाव विचारलं, मी म्हटलं माया. त्यांनी परत विचारलं, मी परत माया. पाच मिनिटं त्यांना वाटत होतं की मी नाव सांगायला नकार देतेय! तुमचा कार्यक्रम नको म्हणून ओरडतायत ते!"

माइक चालूच होता, हे सांगायला नकोच.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. अब्दी काका टॅक्सी तशीच रस्त्यात सोडून धापा टाकत वर आले. त्याच आठवड्यात त्यांनी टॅक्सीत तो डबा बसवला होता आणि त्यावर सगळं ऐकलं होतं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "ब्रमोद, तिची वही कुठे आहे?"

मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला माझीच लाज वाटली, अगदी खरी लाज. ज्या एका तासाच्या आशेवर ही बाई सगळा आठवडा काढते, तो तास मी कपाटावर फेकला होता. मी वही काढली, पदर असता तर पदराने पुसली असती, शर्टाने पुसली, आणि त्यांना खुर्चीत बसवून वही समोर उघडून ठेवली.

मावशींनी डोळे टिपले आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव भावाचं. मग पाच सेकंद शांतता. मी मीटरकडे बघितलंही नाही. त्या शांततेत घराघरांत लोक कान देऊन बसलेले असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

यादी संपली. मावशींनी वही मिटली. मग माझ्याकडे एक नजर टाकून त्या पुन्हा माइककडे वळल्या आणि त्याच गंभीर आवाजात आणखी काहीतरी बोलल्या. त्यात 'ब्रमोद' स्पष्ट ऐकू आलं. माया तोंडावर हात ठेवून खाली वाकली.

"काका, काय म्हणाल्या?"

काकांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगितलं, "ब्रमोद, राहणार ईडन प्रेरी. याची अक्कल हरवली आहे. कुणाला सापडली असल्यास स्टेशनला ताबडतोब कळवावं."

फोन वाजायला लागले. एकामागून एक, अर्धा तास वाजत होते.

कुणालाही सापडली नव्हती.