पठारावरची मेढ

कोल्हापूर सोडताना आमच्या टेम्पोत तंबू, सतरंज्या, कनाती, दोन तानपुरे आणि तांबड्या रश्श्याचा मसाला एवढं सामान होतं. तानपुरे नानांनी सांभाळले होते, मसाल्याचा डबा मी मांडीवर घेतला होता. राजारामपुरीतून टेम्पो बाहेर पडतो न पडतो तोच कुणाचं लेकरू जास्त नाजूक यावरून आमचं भांडण जुंपलं. गडहिंग्लजला चहा प्यायला उतरलो तेव्हा ते मिटलं, तेही दोघांनी आपापलं लेकरू बरोबर उतरवून घेतल्यावर.

ही दोन हजार चार-पाचच्या हिवाळ्यातली गोष्ट. नाना राजारामपुरीत गाण्याचा क्लास चालवत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना सुरात आणलं, पण स्वतः मैफलीत कधी बसले नव्हते. कुणी बोलावलंच नाही. मग साठीच्या उंबऱ्यावर त्यांनी ठरवलं, आपणच बोलवायचं. चंदगडच्या पठारावर तीन दिवस उघड्यावर गाणं, ऐकणारे तंबूत राहणार आणि शेवटच्या पहाटे खुद्द नाना भैरव गाणार. त्याची तयारी करायला आम्ही आधी निघालो होतो. माझ्याकडे स्वयंपाक होता. मांडवाचं काम शिवाजी पेठेतल्या बाळूकडे होतं. त्यानं आजवर गणपतीचे आणि लग्नाचे इतके मांडव घातले होते, की मोकळी जागा दिसली की त्याचे हात शिवशिवायला लागत.

पठार पहिल्यांदा दिसलं आणि आम्ही तिघंही टेम्पोतून उतरून बघत राहिलो. खाली कापणी झालेली भातखाचरं, कडेनं मोहोरलेल्या काजू, आणि पलीकडे गोव्याच्या दिशेनं निळ्या होत गेलेल्या डोंगरांच्या रांगा. गवत मात्र कमरेएवढं. त्यातून बाळूनं बरोब्बर जागा हेरली. गवताची काडी नाही, दगड नाही, जमीन तळहातासारखी सपाट.

"नाना, जागा आपली वाटच बघत हुती की!" तो म्हणाला.

लगेच मेढ (मांडवाचा पहिला खांब) रोवली. नारळ फोडला, आंब्याचा डहाळा बांधला, हळदकुंकू वाहिलं. खांबाला हात लावण्याआधी नानांनी ते सदऱ्याला पुसले. मी थट्टा करणार होतो, पण केली नाही.

मग मी माझा तंबू उभा केला. तो उभा राहिला आणि मी आत जाताच माझ्यावर बसला. कापडाखाली धडपडत असताना बाहेर एक अनोळखी आवाज ऐकू आला.

"काय चाललंय हे, पावणं?"

मी डोकं बाहेर काढलं. हातात कोयता घेतलेला एक गडी मेढीकडे बघत होता. भरमू त्याचं नाव, खालच्याच गावचा.

"मांडव घालतोय," बाळू म्हणाला.

"वाटंवर?"

"कुठली वाट?"

"मसणाची. गवत का न्हाय हितं, इचार केलासा का? आमची मानसं जात्यात हितनं."

आम्ही तिघांनी खाली पाहिलं. गवतातून एक उघडी पट्टी गावापासून पार पलीकडच्या ओढ्यापर्यंत गेली होती, आणि तिच्या ऐन मध्यावर आमची मेढ उभी होती.

"माझी अव्वा (आई) अंथरुणाला खिळलीया," भरमू म्हणाला. "आज हाय, उद्या न्हाय. तिरडी आमच्यात वाट सोडून जात न्हाय. काढा खांब."

"मेढ हलवायची न्हाय," बाळू ठासून म्हणाला. "कार्य होईस्तवर हलवत न्हाईत. आमच्या पेठेत इचार जा कुनाला बी. मेढ हलली की कार्य मोडलं."

मोडणारं कार्य नानांचं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. नानांनी भरमूला विचारलं, "आईंना भेटलो तर चालेल?"

दिवेलागणीला आम्ही भरमूच्या घरी गेलो. अव्वा दाराशी बाजेवर होती. सुरकुतलेली, मुठीएवढी झालेली, डोळे मात्र लखलखीत.

"गानारा कोन रं तुमच्यात?"

नाना पुढं झाले.

"म्हन की मग. तोंड बगून काय कळतंय?"

नाना सारवलेल्या जमिनीवर बसले. कित्येक महिने ते भैरवाशिवाय दुसरं काही गायले नव्हते, त्यामुळे गळ्यातून तोच निघाला. दिवेलागणीला पहाटेचा भैरव! एखाद्या शिष्यानं हे केलं असतं तर नानांनी त्याला क्लासबाहेर काढलं असतं. ते डोळे मिटून गात होते. अव्वानंही डोळे मिटले होते. ती इतकी निश्चल झाली, की श्वास चालू आहे का ते बघायला मी पुढं सरकलो. भरमूही पुढं वाकला.

"बरं हाय," डोळे न उघडता अव्वा म्हणाली. "पर लई लांबवतोस."

मग तिनं नानांचं मनगट धरलं. "मी गेले तरी गानं बंद करू नगा. वाट तेवढी मोकळी ठेवा."

सकाळी नानांनी स्वतः मेढ उपटली. बाळूनं तोंड फिरवलं.

"नाना, तुमची मैफल..."

"होईल तशी होईल रे."

खड्डा त्यांनी मातीनं भरला, वर पाणी शिंपडलं आणि चपला काढून कितीतरी वेळ ती जागा पायानं चोपत राहिले. खांदा देणारा तिथं अडखळता कामा नये, म्हणाले. मांडव वाटेच्या वरच्या अंगाला घातला. बाळूनं तिथं दुसरी मेढ रोवली, पण नारळ फोडायला काही त्याचा हात झाला नाही.

माणसं आली, तंबू भरले, गाणं सुरू झालं. माझा रस्सा पहिल्याच दिवशी संपला, यापलीकडे त्याबद्दल काही बोलणार नाही. शेवटच्या पहाटे नाना बसले. दवानं सतरंज्या ओल्या झाल्या होत्या, लोक घोंगड्या पांघरून ऐकत होते. भैरव नुकता कुठं उमलत होता, तेवढ्यात वाटेवरून चौघं जण बाज खांद्यावर घेऊन येताना दिसले. पुढं भरमू.

सगळा मांडव उठून उभा राहिला. कुणी टोपी काढली. नानांचा सूर थांबला. बाळूनं माझ्याकडं पाहिलं आणि मी मान खाली घातली.

बाज मांडवासमोर आली आणि वाकळेतून एक हात वर झाला.

"थांबलास कशाला रं? आनि तुमी सगळी उभी का? बसा की! मेले न्हाय अजून."

आधी नानाच हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"त्योच म्हन," अव्वा म्हणाली. "परवाचा."

बाज वाटेवरच टेकवली. नानांनी पुन्हा सूर लावला आणि ऊन मांडवात येईपर्यंत ते गायले. या वेळी त्यांनी लांबवलं, तरी अव्वानं तक्रार केली नाही.

काजूची बोंडं पडायच्या दिवसांत भरमूचा निरोप आला. नाना आणि मी एसटीनं गेलो. पठारावर मांडवाचा मागमूस नव्हता, गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि वाट आणखी ठळक झाली होती. नानांनी खांदा दिला. मेढीची जागा मला शोधूनही सापडली नाही. नानांना ती पायाला कळली असावी, कारण तिथं त्यांची चाल हळू झाली.

"खांदा बदलू का, नाना?" भरमूनं विचारलं.

"नको. वाट सरळ आहे."

परतताना एसटीत नाना खिडकीशी बसून अगदी बारीक आवाजात भैरव गुणगुणत होते. बाहेर संध्याकाळ होती. मी वेळेची आठवण करून दिली नाही. पुढं आम्ही पुष्कळ ठिकाणी तंबू ठोकले. जमीन चांगली मोकळी, सपाट दिसली की बाळूचे हात अजून शिवशिवतात, पण हल्ली तो आधी गावात जातो आणि विचारून येतो, इथनं कोण जातं?