खंडेनवमीची हार्ड डिस्क

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. घरात कुणी कारखान्याचा विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो. आता जिना चढताना दम लागतो, आणि ज्यांना सांगायचं होतं त्यांपैकी एक जण राहिले नाहीत. निदान कागदावर तरी खरं असावं.

सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळत होतो. तिथं नक्षी काढणारे एक मास्तर होते. घरी तेलुगू बोलणारे, विणकरांच्या घरातले. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून ते मोर, कमळं, वेलबुट्ट्या काढायचे. पुढं मालकांनी ते सगळे कागद स्कॅन करून एका हार्ड डिस्कमध्ये भरून घेतले. तळहाताएवढी काळी डबी, वायरनं कॉम्प्युटरला जोडायची. कागदांना वाळवी लागली होती, ते रद्दीत गेले. घालवा म्हणणारा मीच. मास्तरांचं आयुष्यभराचं काम त्या डबीत तेवढं उरलं.

खंडेनवमीला माग, कात्र्या, वजनकाटा, सगळ्यांची पूजा व्हायची. त्या वर्षी मी हार्ड डिस्कही पाटावर मांडली. मास्तर म्हणाले, "साहेब, हिला नुसतं फूल वाहा की. वायरीचं तोंड उघडं हाय, कुंकू आत जाईल."

"का हो मास्तर, मागाला चालतं आणि हिला चालत न्हाय? ही काय सोवळ्यातली हाय?"

सगळे हसले, मास्तरही हसले. मी हळदकुंकवाची बोटं ओढली आणि वर पाणी शिंपडलं.

दसऱ्यानंतर एका गिऱ्हाइकानं जुन्या नक्ष्या मागितल्या. कॉपी करायला घेतली की पाचेक मिनिटांत टुण्ण असा आवाज व्हायचा आणि डिस्क पडद्यावरून नाहीशी. थोड्या वेळानं आपोआप परत यायची, पुन्हा जायची. मी वायर पुढून काढून मागं लावली. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितली. वीज वाचवण्याची सेटिंग असते, ती बंद केली. सात रस्त्याच्या दुकानातून नवी वायर आणली. तीच गत. दुकानदारानं सहज विचारलं होतं, "कुठं आपटली का?" तो प्रश्न मी वायरीबरोबर घेऊन आलो.

मालक खोलीत आले. "कशानं बिघडली?"

मास्तर त्याआधी एका रविवारी माझी परवानगी घेऊन ती घरी घेऊन गेले होते. शेजारच्या कॉम्प्युटरवर घरच्यांना आपलं काम दाखवायला. मी म्हणालो, "दुकानदार म्हणतो, आपटली असेल. मास्तर घरी घेऊन गेले होते." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"पडली न्हाय की, साहेब," मास्तर मला म्हणाले, मालकांना नाही. मी पडद्याकडं बघत राहिलो.

वायर एका बाजूला दाबून धरली तर डिस्क टिकते, हे त्यांनीच शोधलं. त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ते खुर्चीवर दोन्ही हातांनी ती डबी धरून बसले. खोलीला खिडकी नव्हती. पलीकडं माग धडधडत होते आणि टेबल हलत होतं. मी मधूनमधून म्हणायचो, "मास्तर, हलू नका." ते हलले नाहीत. नाकावरची माशीही त्यांनी मान झटकून उडवली. तरी निम्म्याच नक्ष्या उतरल्या. मग हात थरथरला आणि टुण्ण झालं.

मालकांनी जाताना सांगितलं, "मास्तर, आता कॉम्प्युटरला हात लावू नका." दुसऱ्या दिवसापासून मास्तर आलेच नाहीत.

चार दिवसांनी मी डिस्क घरी आणली. भिंग लावून वायरीच्या खाचेत बघितलं तर आत तांबडं दिसलं. सुईनं खरवडलं. पाण्यानं घट्ट झालेला कुंकवाचा खडा निघाला, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. जुन्या दातांच्या ब्रशनं खाच साफ केली आणि डिस्क जोडली. एकदाही तुटली नाही. सगळ्या नक्ष्या उतरल्या.

मालकांनी विचारलं, "काय निघालं?"

"कचरा," मी म्हणालो.

त्या आठवड्यात मी सोलापूरजवळच्या कुंभारी गावी गेलो. मास्तर तिथं कामगारांच्या वसाहतीत मुलगा-सुनेजवळ राहत होते. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मास्तर बाजेवर बसले होते. त्यांची सून उंबऱ्याजवळ सुपात विड्या वळत होती. मी दिसताच ती उठली आणि चहा टाकायला आत गेली.

"डिस्क चालली, मास्तर," मी म्हणालो. "सगळं उतरलं."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, तुमचंच खरं. या सुनेनंच फळी पुसताना पाडली असणार. न्हाय म्हणते. मी बोलणं सोडलंय तिच्याशी."

आता सांगायचं म्हणजे दोघांसमोर सांगायचं. मालकांपर्यंतही जाईल. मी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि प्यायलो.

निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. पदराला हात पुसत म्हणाली, "साहेब, तुमाला कळतंय म्हणून इचारते. पडल्यानंच बिघडली व्हय? मी फळीला हातसुद्धा लावला न्हवता."

आतून मास्तर ऐकत होते. बाजेची करकर थांबली होती.

"आता काय सांगणार, बाई," मी म्हणालो. "चालू झाली ना, झालं."

मास्तर पुन्हा कामावर आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गेले. मी दहाव्याला गेलो होतो. सून बायकांत बसली होती. तिनं मला बघितलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ते शेवटपर्यंत तिच्याशी बोलले की नाही, हे मी कुणालाच विचारलं नाही. एसटीतून येताना आणि जाताना, दोन्ही वेळा, मी तीच तीन वाक्यं मनात म्हणत होतो. अजून म्हणतो.

बाई, डिस्क पडली नव्हती. कुंकू मी लावलं होतं, मास्तर नको म्हणत असताना. मला माफ करा.