दोन बाह्या आणि माईकची वायर

माझ्या शिलाई मशीनच्या खणात बॉबिनी, खडू आणि हुकांच्या डबीशेजारी तांब्याच्या टोकाची एक सळई ठेवलेली असे. पोलकं शिवायला आलेल्या बाया ती उचलून विचारायच्या, "हे काय व? काजं पाडायचं हाय काय?" मी नुसती हसायचे. सांगायला घेतलं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि चारचौघींत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून आता लिहून ठेवते.

ती सळई वायरींना डाग द्यायची होती. आमच्या घरी लाउडस्पीकर होता. माझ्या मालकांची उजव्या हाताची दोन बोटं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. कारखान्याचं काम सुटलं आणि गावात त्यांना थोटा म्हणू लागले. तोंडावर नाही, पण ऐकू येईल इतपत. पुढे खामगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने त्यांना जुनी मशीन जोडून दिली. ॲम्प्लिफायरला आम्ही मशीनच म्हणायचो. एक भोंगा, एक माईक, मोटारीची बॅटरी. लग्नं, भजनं, पंचायतीची सभा, सगळीकडे हेच जायचे. बघता बघता थोटा मागे पडला आणि लोक त्यांना मशीनवाले म्हणू लागले. बीबी गावच्या बाजारातून येताना कोणी "अहो मशीनवाले" अशी हाक मारली की यांची चाल बदलायची. मी मागून बघत असायचे.

मग आमच्या गावात वीज आली. खांब रोवले, तारा ओढल्या, गावाला फार आनंद झाला, आणि आमच्या माईकला आजार जडला. त्या वर्षीच्या सप्त्यात माईकची लांब वायर मंडपातून विजेच्या तारेशेजारून नेली होती. महाराजांनी अभंग धरला की भोंग्यातून आधी 'घूंऽऽ' निघायचं. तिसऱ्या दिवशी महाराज मध्येच थांबून म्हणाले, "मशीनवाले, हा भुंगा कोण्या अभंगातला?" मंडप हसला. सप्त्याचं सगळं माझे चुलत सासरे बघत. संध्याकाळी ते घरी आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "हे पाय बाप्पा, राग मानू नको. पुढच्या साली असंच झालं तं मेहकरहून मशीन आणू. देवाचं काम हाय, त्यात नातं नाही."

हे वायर गुंडाळत बसले. जेवायला बसल्यावर म्हणाले, "मेहकरची मशीन आली का मी पुन्हा थोटा."

मिस्त्रीने त्यावर उपाय केला. मशीनमध्ये एक लहान डबी बसवली आणि आमच्या मंडपाच्या मापाची मुद्दाम वायर करून दिली. आधीच्या वायरीत आत एकच तार आणि भोवती जाळी होती. हिच्यात जाळीच्या आत दोन तारा. मी विचारलं, "आवाज एक, तं तारा दोन काऊन?" हे मिस्त्रीचं ऐकून आले होते. म्हणाले, "तुम्ही दोघी जात्यावर बसता, तं एक ओढते तवा दुसरी लोटते नं? तसाच आवाज दोन तारांतून उलटसुलट येते. बाहेरची घुरघुर दोघींवर सारखीच पडते, ते मशीन फेकून देते." मला ते एका दमात कळलं. जात्यावर मी आणि सासू रोजच बसत होतो.

त्या वायरीने भुंगा गेला. पण पुढच्या सालच्या सप्त्यासाठी चुलत सासऱ्यांनी टाळकऱ्यांपुढेही एक माईक सांगितला होता. म्हणजे तशीच दुसरी वायर हवी. हे खामगावला गेले तर मिस्त्रीच्या दुकानाला कुलूप. मिस्त्री महिन्यापूर्वीच देवाघरी गेले होते. हे दुसऱ्या दुकानातून नुसती वायरीची गुंडाळी आणि जोडाची टोकं घेऊन एसटीने परत आले. सप्ता चार दिवसांवर आला होता.

दोन दिवस यांनी स्वतः करून पाहिलं. तीन बोटांत सळई धरली की कथलाचा थेंब नको तिथे पडायचा. शेवटी वायर माझ्याकडे सरकवली. "तूच कर."

"मी? मले काय येते त्यातलं?"

"सुईत दोरा ओवते नं? हे त्याहून ठोकळ हाय."

सासू तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "हो, आज कथील वितळव म्हणा, उद्या लोहाराच्या भात्यावर बसव."

मी बसले. सळई स्टोव्हवर तापवायची, राळेला लावायची, मग कथील. पहिले दोन डाग बिघडले, तिसरा शेवयाच्या टोकासारखा बारीक बसला. आतल्या दोन्ही तारा पांढऱ्याच होत्या, म्हणून एकीला मी लाल दोरा बांधला. मशीनकडच्या टोकाला तीन खिळे असतात, माईककडच्या टोकाला तीन भोकं. मिस्त्रीच्या वायरीचं खिळ्यांचं टोक उघडून पाहिलं. जाळी वरती, दोन तारा खाली डावी-उजवीकडे. तसंच केलं, लाल दोरा डावीकडे. दुसरं टोक मिस्त्रीने लाखेने बंद केलं होतं. ते फोडायचा धीर झाला नाही. मग तेही पहिल्यासारखंच केलं. जाळी वर, लाल डावीकडे. सेल आणि बल्ब लावून लाल तार लालपर्यंत पोचते का तेवढं तपासलं. बल्ब लागला.

घरी माईक लावून हे "हॅलो, हॅलो" म्हणाले. घुरघुर नाही, आवाज स्वच्छ. सासू आतून म्हणाल्या, "ऐकू येते हो, बैल बुजतीन." त्या दिवशी मी पोळ्या जास्तच केल्या.

दुसरा माईक देऊळघाटच्या एका ओळखीच्याकडून यायचा होता. तो सप्त्याच्या पहिल्या दिवशी दुपारी कुठे हाती आला. मंडपात आम्ही बाया एका बाजूला पत्रावळी लावत होतो. यांनी दोन्ही माईक चौथऱ्यावर शेजारी शेजारी उभे केले. महाराजांचा चालू केला, आवाज खणखणीत. तो बंद करून टाळकऱ्यांचा चालू केला, तोही खणखणीत. दोन्ही एकदम चालू केले आणि मध्ये उभं राहून बोलले, तर आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा झाला. पातळ, पोकळ, अंगच गेलेलं.

चुलत सासरे आले. "काऊन बे, विहिरीतून बोलून राह्यला काय?"

"मशीनची डबी गेली असंल," हे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "एकच माईक ठेवतो."

"अन् टाळकऱ्यांनी काय मुक्यानं म्हणावं? हरिपाठाला दोन घंटे हायेत. मेहकरला जीप पाठवतो मी."

शेवटचा उपाय म्हणून हे माझ्या वायरीची दोन्ही टोकं सोडवून दोन हातांत समोरासमोर धरून त्यांना दाखवू लागले, की पहा, कुठं सुटलं नाही. खिळे इकडे, भोकं तिकडे, एकमेकांकडे तोंड करून. ते पाहिलं आणि माझ्या हातातली पत्रावळ तशीच राहिली.

शिवण शिकले तेव्हा माझं पहिलं पोलकं असंच बिघडलं होतं. दोन्ही बाह्या एकाच अंगाने कापल्या. वेगवेगळ्या पाहिल्या तर दोन्ही बिनचूक. अंगात घातलं तर दोन्ही उजव्या हाताच्या. बाह्या समोरासमोर ठेवून कापायच्या असतात, तेव्हाच एक डावी होते. वायरीची टोकंही समोरासमोर बसतात. आणि मी दोन्हीकडे लाल डावीकडे धरली होती. मिस्त्रीच्या वायरीत जी तार ओढायची, ती माझ्या वायरीत लोटत होती. एकेकटीने चालतं. दोन्ही मिळून ओढायला लागल्या की जातं जागेवर थांबतं.

मला कळलं होतं, पण सांगायचं कसं? मध्ये सगळे पुरुष बसले होते. शेजारणीच्या कानात सांगून पाहिलं, ती म्हणाली, "बाहीचं काय आता? उद्या पाहू." जीपवाल्याला हाक गेली. मग मी उठले. पदर पुढे ओढला आणि सतरंजीच्या कडेकडेने चालत गेले. यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "बाही उलटी लागली."

"काय?"

"दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्या. खिळ्याचं अन् भोकाचं टोक समोरासमोर पाह्याचं होतं. सेल आणा."

यांनी सेल आणि बल्ब काढला. मिस्त्रीच्या वायरीत ज्या खिळ्याला जे भोक लागत होतं, माझ्या वायरीत त्याच खिळ्याला शेजारचं भोक लागत होतं. चुलत सासऱ्यांनीही वाकून पाहिलं. "मग आता?"

सळई आमटीच्या चुलाण्यात तापवली. आचारी ओरडला, "डाळीत कथील पडलं तं मले सांगू नका!" मी पुरुषांकडे पाठ करून बसले. यांच्या बोटांत वायर ठरेना. तेवढ्यात पलीकडून एक हात आला आणि वायर धरली. चुलत सासऱ्यांचा होता. लग्न होऊन मला नऊ वर्षं झाली होती, त्यांच्यापुढे मी अक्षर काढलं नव्हतं. पण त्यांनी वायर फार खाली धरली होती.

"थोडी वर धरा, मामंजी," मी म्हणाले.

त्यांनी वर धरली. दोन डाग काढले, दोन दिले, लाल दोरा उजवीकडे गेला. फुंकर मारून थंड केलं.

यांनी दोन्ही माईक चालू केले. स्वतः बोलायच्या ऐवजी बाजूला झाले आणि मला म्हणाले, "तू बोल. वायर तुह्या हातची हाय." माझ्या तोंडून शब्द निघणं शक्य नव्हतं. मी दोन माईकांच्या मधोमध हात नेला आणि टिचकी वाजवली.

भोंग्यातून ती अशी भरून निघाली की वेशीपलीकडच्या लिंबावरची पाखरं उठली.

चुलत सासऱ्यांनी वरती भोंग्याकडे पाहिलं. मग वळून म्हणाले, "जीपवाल्याले सांगा, घरी जाय. अन् मशीनवाले, काल्याच्या दिवशी वायर आणखी पंधरा हात लांब लागंल. सूनबाईले आजच सांगून ठेवा."

मी तिथेच उभी होते, पण सांगितलं त्यांनी यांनाच. मी पदराआडून मान हलवली आणि पत्रावळींकडे परत गेले.