तिसरीने महापौरांना पाठ दाखवली

आमच्या शहरातल्या बॅले कंपनीला टाळं का लागलं, याचं उत्तर एके काळी कुठल्याही न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की मिळायचं. "एका बाईनं भर कार्यक्रमात महापौरांना पाठ दाखवली. मुद्दाम! आणि वाकून नमस्कार केला तो मागच्या पडद्याला." मग न्हावी वस्तरा हवेत धरून पुढचं सांगायचा. कोणी म्हणे, तिचं आणि महापौरांचं जुनं काहीतरी होतं. कोणी म्हणे, तिने पैज लावली होती. आमच्या शेजारच्या काकूंनी तर तिने दिलेली शिवीही ऐकली होती. काकू त्या दिवशी परगावी लेकीकडे होत्या, पण त्यांचे कान लांबचे.

मी त्या हॉलची तिकीटखिडकी सांभाळायचो. खिडकी वीतभर, पण तिच्यातून काय काय दिसायचं म्हणून सांगू! कोण कोणाला घेऊन आलं, कोण कोणाला बघून मागच्या दाराने सटकलं. त्यामुळे या विषयावर माझ्यापुढे कोणी तोंड उघडू नये.

बाईला कंपनीत सगळे तिसरी म्हणायचे. मागच्या रांगेत ती तिसऱ्या जागी नाचायची, म्हणून. आली तेव्हा तिसरी, केसांत चांदी आली तरी तिसरीच. नवा माणूस हमखास विचारायचा, "कोणाची तिसरी हो?" मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, "अजून ठरायचंय." ती ठरली कधीच नाही. लग्न केलं नाही, धाकट्या बहिणीच्या घरी एक खोली घेऊन राहिली.

कंपनी काढली ती मोठ्या बाईंनी. हॉल म्हणजे पालिकेचं जुनं धान्याचं गोदाम. सुरुवातीला कोणी जोरात उडी मारली की फळ्यांच्या फटींतून गहू उडायचे. मोठ्या बाईंनी गोदामात रंगमंच उभा केला, भिंतीला आरसे आणि लाकडी दांडा लावला, आणि तो दांडा धरून दोन पिढ्या रोज सकाळी पाय उचलत राहिल्या. त्यांच्यामागे मास्तर आले. मास्तर हातातली काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचे आणि जिभेने चटके द्यायचे. पोरी आपले नवे बूट जिन्याच्या पायरीवर बडवत बसायच्या. पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहण्यासाठीचा तो बूट नवा असला की लाकडासारखा वाजतो. न बडवता घातला, तर रंगमंचावर यायची परी आणि आवाज यायचा खेचराचा.

आणखी एक युक्ती होती. गरागरा फिरताना चक्कर येऊ नये म्हणून नजर एका जागी रोवायची. अंग फिरतं, डोकं मागे राहतं, आणि शेवटच्या क्षणी झटकन वळून पुन्हा त्याच जागेवर येतं. फिरणं थांबलं की तोंड प्रेक्षकांकडे हवं ना! त्यासाठी मोठ्या बाईंनी बाल्कनीच्या कठड्यावर मधोमध एक छोटा लाल दिवा बसवून घेतला होता. प्रेक्षकांच्या तो पाठीमागे, त्यामुळे त्यांना पत्ताच नसायचा.

तिसरीबद्दल माझी एकच तक्रार होती. रस्त्यात समोरून आली तरी ओळख दाखवायची नाही. मीच हाक मारली की दचकायची. "अय्या, तुम्ही होय!"

"मग काय खांब बोलला?"

"खांब बरा. तो टोमणे मारत नाही."

कंपनीत म्हणायचे, रांगेत राहून एवढा ताठा, पुढे आली तर काय करेल!

आणि ती पुढे आली. महापौर कार्यक्रमाला यायचे होते. त्यांना नाच आवडला तर हॉल कंपनीकडे राहील, नाहीतर जाईल, असं मास्तरांना कळवलं होतं. नेमकी त्याच महिन्यात मुख्य नर्तकी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कंपनीत पळाली. मास्तरांनी तिसरीला बोलावलं. मी चहाचा कप घेऊन दारातच होतो, योगायोगाने.

"तिचा नाच तुला येतो. इतकी वर्षं मागून बघतेयस."

"म्हणजे पुढे उभी राहू? एकटी?"

"नाही, तुझ्याबरोबर मीही घागरा घालून येतो. एकटीच!"

ती हसली नाही. खिडकीशी येऊन बहिणीसाठी तिकीट मागितलं. "पहिल्या रांगेतलं नको. तिथून पाय दिसत नाहीत. माझे पाय दिसायला हवेत तिला. एकदाच तर आहे."

त्या संध्याकाळी ती नाचली, तशी ती मुख्य नर्तकीही कधी नाचली नव्हती. मी खिडकी बंद करून आत उभा होतो. शेवटचं फिरणं सुरू झालं, वाढत गेलं, संगीत थांबलं, आणि ती एका पायावर स्थिर झाली. पाठमोरी. दोन्ही हात पसरून ती पडद्यावरच्या रंगवलेल्या जंगलापुढे खाली वाकली. मग बाल्कनीतून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळा हॉल हसला. महापौरांनी घड्याळ बघितलं.

हॉल गेला. मास्तरांनी विचारलं, "का केलंस?" ती बुटांच्या फिती सोडत राहिली. रांगेतल्या पोरींनी तिच्या तोंडावर सांगितलं, "आमच्या पोटावर पाय दिलास, ताई." ती बहिणीचा हात धरून निघून गेली. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. जिथे पोरी घाम गाळायच्या तिथे सोफे मांडलेत, आणि बसून बघायला गिऱ्हाईक नाही.

मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा मीच निरोप द्यायला तिच्याकडे गेलो. खोलीत ती आवाजाच्या रोखाने वळली, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे.

"खांब आला वाटतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मास्तर पुन्हा कंपनी काढतील असं अजून वाटतं मला."

"म्हणून डोळ्यांचं कधी बोलली नाहीस?"

"उद्धट बाईला माणसं कधीतरी माफ करतात. आंधळीला रांगेत कोण घेतंय?"

मी म्हटलं, मास्तर गेले. ती "बरं" म्हणाली. बहीण चहा घेऊन आली आणि कप तिच्या हाताला लावून दिला.

तर न्हाव्याला आणि काकूंना सांगा. फर्निचरच्या दुकानाची पाटी कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी रंगून तयार होती. ज्या रंगाऱ्याने ती रंगवली, त्यानेच महापौरांच्या स्वागताचा कापडी फलकही रंगवला. फलक बाल्कनीच्या कठड्यावर मधोमध बांधला गेला. त्याच्याखाली लाल दिवा झाकला गेला. तिला त्या दिव्याशिवाय काही दिसत नव्हतं.