ओहोटीला दिलेले पापुद्रे

अंगावरून जे गळतं ते घरात ठेवायचं नाही, असा आईचा नेम. माझ्या कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे उठले आणि त्यांवरून पांढरे पापुद्रे सुटू लागले, तेव्हा तिनं माझ्या अंथरुणासाठी वेगळी केरसुणी काढली. नवरा बोटीवर असतो, म्हणून मी आणि माझी मुलगी धाकट्या डहाणूला आईकडेच राहतो. सकाळी आई माझी चादर झटकायची, पापुद्रे केळीच्या पानात गोळा करायची आणि ते पान दाराबाहेर दगडाखाली ठेवायची. ओहोटी लागली की आम्ही दोघी खाडीवर जाऊन ते सोडायचो. सोडल्यावर मागे वळून बघायचं नाही. एखादा पापुद्रा घरात राहिला तर तो दुसरं अंग शोधतो, असं ती सांगायची.

दुसरं अंग म्हणजे कुणाचं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. मुलगी माझ्या कुशीत झोपायची. ती गाढ झोपली की मी तिची कोपरं बोटांनी चाचपायचे. खोटं कशाला सांगू, मला माझ्या कातडीपेक्षा तिच्या कातडीची धास्ती जास्त होती.

एकदा मी मागे बघितलंच. नको म्हटलेलं करायची माझी जुनी खोड. पाणी समुद्राकडे ओढलं जात होतं, कडेच्या चिखलात होड्या कलंडल्या होत्या, आणि आमचं पान तेवढं जागच्या जागी उभं होतं. कशाला तरी अडकलं असेल, असं मी मनाला समजावलं. आईला मात्र सांगितलं नाही.

त्याच सुमारास मासळी न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्यानं हायवेवरच्या अच्छाडच्या एका वैद्याचं नाव काढलं. एका ढाब्यामागे खाट टाकून बसायचा, पांढऱ्या पुड्या द्यायचा. पुड्या घेतल्या आणि थोड्याच दिवसांत चट्टे विरले. कोपर इतकं गुळगुळीत झालं की ते दुसऱ्याच बाईचं वाटायचं. मी म्हटलं, पुड्यांचा गुण. आई म्हणाली, खाडीनं घेतलं. आणि खाडीनं घेतल्यावरही औषध चालू ठेवायचं म्हणजे तिच्यावर संशय घ्यायचा. आमच्यात ते कुणी करत नाही, कारण आमची माणसं तिच्याच वाटेनं बाहेर जातात आणि तिच्याच वाटेनं परत येतात. नवरा तेव्हा पाण्यावर होता. मी पुड्या एकदम बंद केल्या.

मग ते आलं. आधी पाठ तापली, मग सगळं अंग डोक्यापासून तळव्यापर्यंत लाल झालं. भर मे महिन्यात मी गोधडी घेऊन कुडकुडत होते. कातडी पापुद्र्यांनी नाही, पदरच्या पदर सुटत होती. आई केरसुणी घेऊन दारात आली, चादरीकडे बघितलं आणि तिथंच थांबली. "भरतीबरोबर परत आलं," एवढंच बोलली. मुलीला तिनं शेजारी पाठवून दिलं.

गुजरातेत, वापीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मला उभं राहवत नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुड्यांचं ऐकून कपाळाला हात लावला. त्यांत बहुतेक स्टेरॉइड असणार, ते एकदम सोडल्यामुळे सोरायसिस उलटला, म्हणाल्या. हा रोग शिवल्यानं होत नाही, एका अंथरुणात झोपल्यानं होत नाही. मुळापासून जात नाही, पण आवरता येतो. मुलीला शेजारी पाठवलं होतं, ते आठवून मला रडू आलं. कधी कधी तो घराण्यातून येतो, म्हणत मग त्यांनी विचारलं, "घरमां बीजा कोईने छे?" घरात दुसऱ्या कुणाला नाही, मी म्हटलं.

आई मागे उभी होती. तिच्या डोक्याला कायम रुमाल असतो. मासळीची पाटी उचलायची म्हणून असतो, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. घरातही ती तो काढत नसे, याचा मी कधी विचारच केला नव्हता. तिनं गाठ सोडली. मानेपासून कानामागे वरपर्यंत सगळं पांढरं, जाड.

"मला हाय," ती म्हणाली. "पानात मी माझंपन टाकत होते."

म्हणजे ती ते किती वर्षं वाहत आली असेल, कोण जाणे. आता आम्ही दोघी औषध घेतो. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मलम लावतो, खाजवत नाही, गोळ्या चालू आहेत म्हणून रक्त तपासून घेतो. मनानं काही बंद करत नाही. अंगावरचं कधी कमी असतं, कधी वाढतं. पान सोडणं थांबलं. मुलगी पुन्हा माझ्या कुशीत झोपते.

काल सकाळी बोंबील वाळवायच्या काठ्यांशेजारच्या दोरीवर मुलीच्या उशीचा अभ्रा एकटाच वाळत होता. मी तो धुतला नव्हता, म्हणजे आईनं धुतला होता. मुलीला उजेडात मांडीवर घेतलं आणि कानामागचं बघायला तिची वेणी सोडायला लागले. आई मागे येऊन उभी राहिली. मी वळून बघितलं. तिच्या हातात केरसुणी नव्हती, मलमाची ट्यूब होती.